आमरीची नमुना सही

भिंगार या गावाच्या नावाचा भिंगाशी काही संबंध आहे, असा माझा दावा नाही. नगरच्या इतिहास संशोधकांशी माझं अजून भांडण झालेलं नाही आणि या वयात ते ओढवून घ्यायची इच्छाही नाही. पण भिंगारच्या माणसाच्या खिशात भिंग असलं की लोकांना ते रीतसर वाटतं, एवढं मात्र खरं. माझ्या खिशात ते असतं. घडीचं, दहा पट मोठं दाखवणारं, सोनार डोळ्याला लावतो त्या जातीचं. बँकेतल्यांना वाटतं, मी ते सह्या तपासायला घेतलंय. घरच्यांना वाटतं, चाळिशीचा चष्मा लांबवायला घेतलंय. खरं कारण सांगितलं तर दोन्हीकडची माणसं काळजीत पडतील. ते भिंग मी ओठ पाहायला घेतलेलं आहे.

घाबरू नका. ओठ म्हणजे फुलांचे, आणि फुलं म्हणजे आमरीची. इंग्रजीत हिला ऑर्किड म्हणतात. लग्नाच्या स्टेजवर जांभळ्या रंगाची जी लांब दांड्याची फुलं खोचलेली असतात, ती हिचीच नर्सरीत वाढलेली, परदेशी चुलत भावंडं. आपल्या सह्याद्रीतल्या आमऱ्या त्यांच्यापुढे साध्या घरच्या. कोणी झाडाच्या फांदीला धरून राहते, कोणी पावसाळ्यात गवतातून डोकं वर काढते आणि महिन्याभरात आल्या वाटेने निघून जाते. पण या बहिणी-बहिणी एकमेकींसारख्या इतक्या की, लग्नाच्या पंगतीत जुळ्यांना दोनदा जिलबी वाढली जावी, तसा इथे शास्त्रज्ञांचाही गोंधळ होतो. दिसायला सारख्या असलेल्या या आमऱ्या वेगवेगळ्या कशा ओळखायच्या, हा प्रश्न गेली साडेतीनशे वर्षं माणसं सोडवत आली आहेत.

मी कॉमर्सचा पदवीधर. वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध मेथीची जुडी घरी आणण्यापुरता, आणि तिच्याही बाबतीत अंतिम अधिकार घरात दुसऱ्या व्यक्तीकडे आहे. तरी हा इतिहास मिळेल तिथून वाचत गेलो, तेव्हा एक गंमत ध्यानात आली. या कामात पडलेले बरेचसे लोक आमच्यासारखेच पगारी नोकर होते. कोणी पोस्टातला, कोणी कस्टममधला, कोणी रेल्वेतला. तेव्हा बँकेच्या एका कारकुनाने त्यात नाक खुपसलं, तर ते परंपरेला धरूनच होईल असं मी मानलं.

शिवाय आमचा एक धंद्याचा गुणही इथे कामी येतो. बँकेत खातं उघडताना माणूस सही करून देतो, तिला नमुना सही म्हणतात. पूर्वी ती कार्डावर असायची, आता संगणकाच्या पडद्यावर दिसते. पुढे त्या खात्यावर चेक आला की आमच्यातला कोणीतरी ती सही ताडून पाहतो. आता ताडणारा माणूस सबंध सही पाहतो असं तुम्हांला वाटत असेल तर ते खोटं. नावाची अक्षरं कोणीही गिरवील. तो पाहतो ‘र’ची शेपटी कुठे वळते, खालची रेघ कुठून सुटते आणि टिंब हात उचलून दिलंय की ओढत नेलंय. सारखेपणा सगळीकडे असतो. फरक दोन-तीन ठरलेल्या जागी बसलेला असतो, आणि त्या जागा माहीत असणं हीच नोकरी.

आमरीच्या फुलाचंही असंच आहे. बाहेरची तीन दलं, आतल्या तीन पाकळ्या. या आतल्या तिघींपैकी एक मात्र बाकी दोघींसारखी नसते. ती रुंद, झालरीची, ठिपक्यांची किंवा फाटलेली, काही ना काही नखरा केलेली असते. हा आमरीचा ओठ. उमलता उमलता बहुतेक आमऱ्यांचं फूल देठावर अर्धा वळसा घेतं आणि हा ओठ बरोबर खालच्या बाजूला आणून ठेवतं. पाहुण्या किडयाला उतरायला पाट मांडल्यासारखा. अनेकींच्या ओठामागे शेपटीसारखी पोकळ नळी असते, तिच्या तळाशी मध. फुलाच्या मधोमध एक बुटका स्तंभ असतो. इतर फुलांत पुंकेसर आणि स्त्रीकेसर वेगळे राहतात, इथे दोघांनी एकच बिऱ्हाड केलेलं असतं. परागही पिठासारखा उधळत नाही. त्याचे गोळे बांधलेले असतात आणि ते किडयाच्या अंगाला गोंदासारखे चिकटून दुसऱ्या फुलावर पोचतात. ओठ, नळी आणि स्तंभ या त्या तीन जागा. पानं, उंची, रंग यांवर पहिली नजर टाकावी, पण चेक पास करायचा तो इथे पाहून.

आमच्या शेजारचे निवृत्त सुभेदारसाहेब यांना मी हे समजावून सांगत होतो. भिंगार हे कॅम्पाचं गाव, त्यामुळे आमच्या गल्लीत निवृत्त सुभेदार नसेल तर गल्ली अपुरी वाटते. ते म्हणाले, “बँकवाले, यात नवीन काय? वर्दी सगळ्यांची हिरवीच. पलटण ओळखायची तर बिल्ला बघायचा.” मी दहा मिनिटं जे सांगत होतो ते त्यांनी एका वाक्यात संपवलं. लष्कराच्या शिस्तीचा हा एक तोटा आहे.

पण बिल्ला याच जागी का, याचंही कारण आहे. ओठ आणि नळी ही किडयासाठी केलेली सोय. जिचा पाहुणा वेगळा तिचा पाट वेगळा. १८६२ साली डार्विनने आमऱ्यांच्या परागीभवनावर एक पुस्तकच लिहिलं. मादागास्करच्या एका आमरीची नळी जवळजवळ फूटभर लांब आहे हे पाहून त्याने सांगून टाकलं की, तेवढ्याच लांब सोंडेचा पतंग त्या बेटावर असलाच पाहिजे. लोक हसले. १९०३ साली त्या पतंगाची शास्त्रीय नोंद झाली. तोवर डार्विन जाऊन एकवीस वर्षं झाली होती. चेक वटायला एवढा उशीर आमच्याकडेही होत नाही.

आता आपल्या बाजूचा इतिहास. कोचीनला डच कंपनीचा व्हान ऱ्हीडे नावाचा गव्हर्नर होता. त्याने मलबारच्या वनस्पतींचा ‘होर्टुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो ॲमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला. झाडांची माहिती दिली इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याने आणि रंग भट, विनायक पंडित व आप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांनी. या तिघांनी १६७५ साली दिलेलं प्रमाणपत्र नागरी लिपीत, त्यांच्या नावांसह पहिल्या खंडात छापलेलं आहे. मी सह्या ताडणारा माणूस. मला या ग्रंथातलं सगळ्यात आवडतं पान विचाराल तर तेच. आम्ही सांगितलं ते खरं आहे, असं म्हणून खाली नाव घालणारी आपली माणसं सतराव्या शतकात होती. व्हान ऱ्हीडे १६९१ साली वारला. त्याची भव्य कबर सुरतेत आहे. शेवटचा खंड छापून झालेला पाहणं त्याच्या नशिबी नव्हतं.

त्या बाराव्या खंडात झाडांवर वाढणाऱ्या आमऱ्या आहेत. त्यातल्याच एकीला १७५३ साली स्वीडनच्या लिनियसने ‘एपिडेंड्रम ओव्हाटम’ असं नाव दिलं. एपिडेंड्रम म्हणजे झाडावरचं. झाडावर वाढणारी आमरी आली की लिनियस तिला या नावाखाली टाकायचा. बँकेत ज्या रकमेचं काय करायचं ते कळत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात, तसंच हे. लिनियसची योग्यता मोठी, पण एवढ्या बाबतीत तो आमच्यातलाच.

पुढे लंडनमध्ये जॉन लिंडली हा आमऱ्यांचा मोठा पंडित झाला. हा मनुष्य हिंदुस्थानात कधी आला नाही. इकडून वाळवून, दाबून पाठवलेले नमुने तो तिकडे भिजवून उलगडायचा आणि नावं द्यायचा. १८३० साली त्याने सह्याद्रीतल्या एका पांढऱ्या आमरीला ‘डेंड्रोबियम बार्बाट्युलम’ म्हणजे चिमुकल्या दाढीची असं नाव दिलं. का? तर तिच्या ओठावर केसांचा बारीक पुंजका असतो. १८४४ साली त्याने तिच्यासारख्याच दुसऱ्या एकीला ‘क्लोरॉप्स’ म्हटलं, म्हणजे हिरव्या डोळ्याची. या दुसरीचा ओठ आत घशाशी हिरवट असतो. पुढे १९१० साली क्रेंझलिन या जर्मन पंडिताने दाखवून दिलं की, ही हिरव्या डोळ्याची म्हणजेच लिनियसची ओव्हाटम. एका व्यक्तीची दोन खाती निघाली. अशा वेळी जुनं नाव चालू ठेवायचं असा नियम आहे, म्हणून ती ‘डेंड्रोबियम ओव्हाटम’ झाली. ग्रंथात छापून आल्यापासून नाव पक्कं व्हायला दोनशे सतरा वर्षं लागली. आणि आमच्याकडे नाव बदलायला तीन आठवडे लागले की गिऱ्हाईक मॅनेजरच्या केबिनमध्ये जातं.

या दोघी आजही सह्याद्रीत शेजारीशेजारी सापडतात. दोघीही पानं झडल्यावर, उघड्या दांड्यावर फुलतात, त्यामुळे पानांवरून ओळखायची सोयच नाही. बार्बाट्युलमचं फूल थोरलं, पांढरंशुभ्र, कधी गुलाबी झाक असलेलं. दांडे सडपातळ, टोकाला निमुळते. ओव्हाटमचं फूल लहान, सायीच्या रंगाचं आणि ओठाच्या मुळाशी हिरवट, दांडेही जाडसर. साधारणपणे ओव्हाटम आधी येते, थंडीत. आणि थोरल्या बहिणीचा बहर मागून, उन्हाच्या तोंडाला. दोन्ही एकदा हातभर अंतरावर पाहिल्या की वाटतं, यात चुकण्यासारखं आहे काय? पण एकच समोर असली की पंचाईत. जुळ्यांपैकी एकटा भेटला की आपण नाव न घेता “काय, कसं काय?” एवढंच विचारतो, त्यातली गत.

मुंबई इलाख्यात मात्र काम केलं ते नोकरदारांनी. जॉन ग्रॅहम हा मुंबईचा डेप्युटी पोस्टमास्टर जनरल. टपाल सांभाळून त्याने मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची यादी केली. छपाई पुरी व्हायच्या आत, १८३९ साली तो खंडाळ्याला वारला. पुस्तक निम्मो नावाच्या मित्राने तडीला नेलं. त्या यादीत एका पांढऱ्या जमिनीवरच्या आमरीला ‘हॅबेनारिया लाँगिकॉर्निक्युलाटा’ असं नाव दिलेलं आहे. उच्चारताना दात सांभाळावेत. अर्थ सोपा: लांब शिंगाची. तिच्या ओठामागची नळी बोटापेक्षाही लांब असते. गवतात उभी राहिली की वाटतं, पांढऱ्या चिमणीने हिरवा दोरा तोंडात धरलाय.

त्यानंतर निकोल डॅलझेल. हा १८४१ साली मुंबईला कस्टम, मीठ आणि अफू या खात्यात असिस्टंट कमिशनर म्हणून लागला. या तिन्हींत आमरी कुठे बसते ते त्यालाच ठाऊक. पण १८६१ साली त्याने डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन यांच्याबरोबर ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ काढला. गिब्सन हे कंपनी सरकारचे सर्जन. पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचे ते प्रमुख होते आणि पुढे इलाख्याचे पहिले वनसंरक्षक. त्यानंतरचे थिओडोर कुक तर रेल्वेचे इंजिनिअर म्हणून आलेले. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे ते प्रिन्सिपॉल होते, आणि निवृत्तीनंतर लंडनला बसून त्यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जाडजूड ग्रंथ पुरा केला.

ही नामावळ मी घरात मोठ्या उत्साहाने वाचून दाखवली. हिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “अहो, एवढं सगळं ते ऑफिसातून घरी आल्यावर करायचे?” मी “हो” म्हणालो. त्यावर ती काही बोलली नाही. फक्त तीन महिने मोडून पडलेल्या मिक्सरकडे पाहिलं.

पण या नामावळीत एक रिकामी जागा आहे, आणि ती मला सलते. १८४७ ते १८५० च्या सुमारास गिब्सनसाहेबांनी दापोडीच्या बागेत एका चित्रकाराकडून वनस्पतींची चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. चित्रकार पोर्तुगीज-हिंदी वळणाचा होता एवढीच नोंद सापडते, त्याचं नाव कुठेच नाही. पाकळीची घडी, शिरांची नक्षी, सगळं ज्याच्या नजरेतून उतरलं, त्याने दुसऱ्यांच्या नमुना सह्या काढून ठेवल्या. स्वतःची सही राहिली. दोन शतकांआधी तीन कोंकणी वैद्यांची नावं छापणारा गव्हर्नर या बाबतीत बराच म्हणायचा.

विसाव्या शतकात हे काम फादर मंडळींकडे गेलं. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले स्विस फादर ब्लॅटर आणि त्यांच्याबरोबर चार्ल्स मॅकॅन, यांनी जुन्या यादीची फेरतपासणी केली. डॅलझेल-गिब्सनच्या ग्रंथात एक आमरी होती: जमिनीला चिकटलेलं एकच गोल पान, वर बारीक दांड्यावर एखाददुसरं पांढरं फूल. तिला त्यांनी ‘ग्रँडिफ्लोरा’ म्हणजे मोठ्या फुलाची असं नाव दिलं होतं. पण तेच नाव दुसऱ्या एका आमरीला आधीच दिलेलं निघालं! एका शाखेत एस. के. कुलकर्णी दोन निघाले की आम्ही पुढे ‘नंबर दोन’ लिहितो. ब्लॅटर-मॅकॅननी १९३२ साली तसंच केलं. तिचं नाव ठेवलं ‘ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस’, म्हणजे मोठ्या फुलाच्या आमरीसारखी दिसणारी. बिचारीला स्वतःचं नावही दुसरीच्या तुलनेत मिळालं. मराठीत मात्र ती आषाढात येते म्हणून आषाढ आमरी. आपल्याकडे तुलना कमी आणि तिथी जास्त.

पुढे त्याच कॉलेजातले स्पॅनिश फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी कापडिया यांनी १९६६ साली ‘ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ हा आमऱ्यांवरचा स्वतंत्र ग्रंथ काढला. फादर सांतापाव भारताच्या वनस्पती सर्वेक्षण खात्याचे संचालक होते, १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या नगर जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ मात्र प्रधान आणि सिंग यांनी १९९९ साली काढला.

नगर जिल्ह्यात आमऱ्या? हा प्रश्न तुमच्या चेहऱ्यावर मला इथून दिसतो. भिंगारमध्ये उन्हाळ्यात माणूस कडुलिंबाखालून हलत नाही. आमरी इथे कशाला येईल? पण आमचा जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर) फार लांबवर पसरलेला आहे. दीडशेएक किलोमीटर पश्चिमेला, अकोले तालुक्यात तो थेट सह्याद्रीवर चढतो. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड सगळे त्यात. घाटघरला तर नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. आम्ही टँकरची वाट पाहत असतो तेव्हा आमच्याच जिल्ह्यात माणसं चुलीजवळ कपडे वाळवत असतात.

तिकडच्या एका निवृत्त वनस्पतिशास्त्राच्या सरांबरोबर मी एका आषाढात कातळपठारावर गेलो होतो. सरांनी पायाखाली बोट दाखवलं. गोल पान, वर पांढरं फूल, ओठाच्या धाग्यासारख्या तीन चिरफळ्या. मी गुडघ्यावर बसून भिंग लावलं. वाटेने एक ठाकर आजोबा गुरं घेऊन चालले होते. ते थांबले. सरांनी त्यांना मोबाईलवर दुसऱ्या आमरीचा फोटो दाखवला: तसंच पांढरं फूल, पण मुळाशी अरुंद पानांचा झुबका. “ही हीच का हो, बाबा?” आजोबांनी लांबून पाहिलं आणि म्हणाले, “न्हाई. ही पावसाच्या तोंडाला येती. ती कड्याला आसती, मागनं येती. पानं बगा की दोघींची.” आणि गुरांमागे निघून गेले. त्यांनी सांगितलेली दुसरी म्हणजे ‘हॅबेनारिया रॅरिफ्लोरा’. तिला फ्रेंच पंडित रिशारने १८४१ साली नाव दिलेलं आहे.

तेवढ्यात शहराकडची एक टोळी आली. त्यातल्या एका मुलीने फूल खुडून केसांत खोचलं. सर हळूच म्हणाले, “बाळा, तोडू नकोस गं.” तिच्याबरोबरचा मुलगा चांगल्या घरचा, बोलायला नम्र. तो म्हणाला, “काका, सगळीकडे सेमच तर आहेत. एकाने काय होतंय?”

मला वाटतं, या साडेतीनशे वर्षांच्या खटाटोपाला उत्तर द्यायचं असेल तर ते या प्रश्नाला द्यावं लागेल. आणि ते मला हिशेबाच्या भाषेतच येतं. समजा, दोन माणसांची खाती आम्ही एकाच नावावर चढवली. एकाच्या खात्यात हजार रुपये, दुसऱ्याच्या शंभर. एकूण अकराशे. उद्या दुसऱ्याचे शंभर कोणी काढून नेले, शिल्लक हजार. मॅनेजर पाहील आणि म्हणेल, ठीक आहे, किरकोळ घट. प्रत्यक्षात एक माणूस साफ बुडालेला असतो आणि वहीत त्याची एक ओळही नसते. दोन आमऱ्यांना ‘सेमच’ म्हटलं की नेमकं हेच होतं. कड्यावरची दुर्मिळ बहीण संपली तरी पठारावरच्या थोरलीच्या गर्दीत ती घट दिसतच नाही. वेगळं नाव म्हणजे वेगळं खातं. आणि वेगळं खातं असलं तरच कोणाचं काय गेलं ते कळतं.

नाव चुकल्याने जीव जातो याचं आणखी एक उदाहरण आपल्या आमराईत आहे. झाडावरची आमरी दिसली की पुष्कळ लोक बांडगूळ म्हणून ती काठीने पाडतात. बांडगूळ झाडात मुळं घुसवून त्याचा रस पितं. आमरी फक्त सालीला धरून बसते. पाणी आणि अन्न हवेतून, पावसातून, सालीवरच्या कचऱ्यातून मिळवते. भाड्याशिवाय राहते हे खरं, पण मालकाच्या ताटातलं खात नाही. गंमत म्हणजे या गैरसमजावर शास्त्राचाही शिक्का आहे. ‘वांडा’ हे आमऱ्यांच्या एका मोठ्या घराण्याचं नाव. आंब्या-बाभळीवर, कोरड्या मुलखातही टिकणारी आपली रास्ना त्याच घराण्यातली. हे नाव कलकत्त्याचे न्यायाधीश सर विल्यम जोन्स यांनी संस्कृतातल्या ‘वन्दा’ या शब्दावरून घेतलं आणि १८२० साली रॉबर्ट ब्राउनने ते पक्कं केलं. वन्दा म्हणजे बांडगूळ! न्यायाधीशाच्या हातून निकाल गेला, आता अपील कुठे करणार?

उलटंही होतं, हे सांगितलं नाही तर हिशेब एकतर्फी होईल. मुंबई इलाख्यातले मुलकी अधिकारी लॉ यांच्या नावाने लिंडलीने ‘डेंड्रोबियम लॉव्हियानम’ ही आमरी वेगळी काढली होती. पुढे नीट ताडून पाहिल्यावर ती ‘क्रेपिडाटम’ या दुसऱ्या आमरीहून वेगळी नाही असं ठरलं, आणि दोन्हींचं विलीनीकरण झालं. विलीनीकरणाचं दुःख आम्हां बँकवाल्यांना कोणी सांगू नये. पाटी उतरते, नाव जातं, माणसं मात्र त्याच टेबलावर तेच काम करत राहतात. ती आमरीही तशीच आपल्या फांदीवर फुलत राहिली असणार.

आणि आजच्या कस्टमवाल्याची अडचण डॅलझेलपेक्षा मोठी आहे. त्याच्यासमोर येते ती बिनफुलाच्या दांड्यांची जुडी. ओठ नाही, नळी नाही, म्हणजे सहीच नाही. दुर्मिळ कोणती आणि साधी कोणती ते कोण सांगणार? म्हणून वन्य जीवांच्या व्यापारावरच्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय करारात आमऱ्यांचं सगळं कुळच्या कुळ यादीत घातलेलं आहे. ओळख पटत नसेल तर सगळ्यांनाच सांभाळा. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. सही जुळत नसेल तर चेक परत. गिऱ्हाईक कितीही चिडो.

या सगळ्या कारभारात एकच गोष्ट खटकते. लिंडलीने जमवलेल्या आमऱ्यांचे नमुने लंडनला क्यू बागेच्या संग्रहात आहेत. म्हणजे आमच्या फांदीवरच्या कित्येक आमऱ्यांच्या मूळ नमुना सह्या तिकडच्या हेड ऑफिसात. दापोडीच्या चित्रकाराची कुठेच नाही, आणि त्या ठाकर आजोबांची तर विचारायलाच नको. पण ताडून पाहणारी नजर हेड ऑफिसच्या मालकीची नसते. ती पोस्टातल्या माणसाकडे असते, गुराख्याकडे असते. दहा पटींचं भिंग फार महाग नसतं, आणि फूल झाडावरच ठेवून, आपणच गुडघे टेकून बसलं की ओठ, नळी आणि स्तंभ आपोआप दिसतात.

सुभेदारसाहेबांना हे सगळं सांगितल्यावर त्यांनी भिंग हातात घेऊन उलटसुलट केलं. म्हणाले, “म्हणजे बँकवाले, गुडघे टेकल्याशिवाय तिची ओळख नाही.” मी “हो” म्हणालो. “मग आमचे गुडघे आहेत तोवर घेऊन चला,” ते म्हणाले. पुढच्या आषाढाची त्यांची रजा मी आत्ताच मंजूर करून ठेवली आहे. माझी स्वतःची अजून मंजूर व्हायची आहे.